न्हाणीतला कट्टा

“एक काय ते ठरवा बघा, काकू,” बाबालाल मिस्त्री म्हणाला. त्यानं थापी घमेल्यात टाकली आणि कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला. “साहेब म्हणत्यात काच लावायची. वैनी म्हणत्यात भिंतीला कट्टा बांधा, बसायला. तुमी म्हणताय कायबी नको, जमीन मोकळी ठेवा. मी मानूस एक, थापी एक. कुनाचं ऐकू?”

“कट्टा नको,” मी म्हणाले.

“मग तसं वैनींना सांगा की.”

“तूच सांग.”

“झालं! काल वैनी म्हणल्या, आईंना तुमीच समजवा. आज तुमी म्हणताय वैनींना सांग. एकाच घरात राहताय न्हवं? का मधी गाव हाय एखादं?”

मी स्वयंपाकघरात गेले. दुधाखालचा गॅस बंद केला, पुन्हा चालू केला आणि परत न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राहिले. त्या आठवड्यात माझं हेच चाललं होतं. बसले की उठावंसं वाटे, आणि उठले की पाय त्याच दाराकडे वळत.

आमच्या घरात तेव्हा कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नसे. भांडण नव्हतं, भांडण असतं तर एव्हाना मिटलंही असतं. भीड होती. मी, माझा मुलगा निनाद आणि सून केतकी, तिघंही एकमेकांना इतकं जपत होतो की जे बोलायचं ते तिसऱ्यालाच सांगायचो. एरवी हा तिसरा माणूस म्हणजे निनाद असायचा. त्या महिन्यात तो मान मिस्त्रीकडे गेला होता.

सांगलीत विश्रामबागेतला तो फ्लॅट निनादनं एका दातांच्या डॉक्टरांकडून घेतला होता. डॉक्टर परदेशी गेले आणि न्हाणीघरात हौसेनं बसवलेला त्यांचा गुलाबी टब आमच्याकडे राहिला. त्यात पाण्यात पडून राहायला आमच्याकडे वेळ कुणाला होता? पाणी जाणार असलं की आम्ही तो भरून ठेवायचो. दिवाळीआधी त्यात घोंगड्या भिजायच्या आणि अनंत चतुर्दशीला खालच्या मजल्यापर्यंतचे गणपती त्यात विसर्जित व्हायचे. एरवी टबाचा काठ ओलांडून आत जायचं, आत ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसायचं आणि बादलीतून तांब्यानं पाणी घ्यायचं. माझे यजमान गेल्यावर मी इस्लामपूरहून इथे राहायला आले, तेव्हापासून मीही तशीच न्हात होते. दसऱ्याच्या सुमारास काठ ओलांडताना माझा पाय घसरला. नळ हाताला लागला म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी निनादनं जाहीर केलं, “टब काढायचा. जमिनीला समतल शॉवर करायचा. आई, सरळ चालत जायचं, चालत बाहेर यायचं. उंबरासुद्धा नको.”

मी लगेच होकार दिला. निनादला वाटलं, आई घाबरली. खरं कारण माझं मला ठाऊक होतं.

केतकीला नववा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण केतकीची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. बार्शीला एकटे वडील, तेही स्वतःपुरता वरणभात कसाबसा करणारे. तेव्हा बाळंतपण आमच्याकडेच होणार होतं आणि बाळाला न्हाऊ मी घालणार होते. पाय लांब करून जमिनीवर बसायचं, नडग्यांवर बाळ घ्यायचं, तेल चोळायचं आणि मग कढत नाही, कोमट नाही, असं मधलं पाणी घालायचं. आमच्या इस्लामपूरच्या गल्लीतली निम्मी पोरं अशी माझ्या पायांवर न्हाली होती. पुढे तीच पोरं माझ्या बालवाडीत येऊन ग म भ न गिरवायची. पण पाय पसरायला जमीन हवी. टबात कसले पाय पसरणार? म्हणून टब जायला हवा होता.

एकदा जेवताना केतकी म्हणाली होती, “हल्ली बाळाला मालिश करायला बायका मिळतात म्हणे.”

“मी असताना?” मी विचारलं.

ती गप्प बसली. तो होकार आहे असं मी समजून चालले.

आणि आता हा कट्टा. केतकीनं मिस्त्रीला खडूनं आखून दिला होता, तो नेमका त्या लांब भिंतीला, जिथे मी पाठ टेकून बसणार होते. मी त्या रेघांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आलं ध्यानात. तोंडानं नाही म्हणवत नाही, म्हणून विटांनी सांगते आहे. म्हातारीनं बाळाला हात लावायचा नाही. म्हातारीनं कट्ट्यावर बसायचं.

संध्याकाळी बिल्डिंगमधली मुलं वाचायला यायची. मी खुर्चीवर आणि ती सतरंजीवर. त्या दिवशी मी त्यांच्याकडून एकच पान तीनदा वाचून घेतलं. कुणी काही बोललं नाही. शहाणी होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. निनाद ऑफिसला गेला आणि बाबालालनं विटा भिजत घातल्या.

“साहेबांचा फोन आलता,” माझ्याकडे न बघता तो म्हणाला. “बांधा म्हणले.”

मी तिथेच उभी राहून बघत होते. फरशी दोन दिवसांपूर्वीच बसली होती. जाळीकडे तिला छान ढाळ दिला होता. त्या स्वच्छ फरशीवर विटांचे थर चढू लागले. दुपारी हातपाय धुऊन तो निघाला.

“नमाज पडून, जेवून येतो. तवर कट्ट्याला हात लावायचा न्हाई काकू, ओला हाय.”

“मी कशाला लावू हात?”

“न्हाई, सांगून ठेवलं आपलं,” तो म्हणाला आणि गेला.

केतकी तिच्या खोलीत झोपली होती. मी दोनदा डोकावून पाहिलं. मग तांदळाची छोटी पिशवी काढली, निनादच्या बाबांच्या जुन्या पंच्यात गुंडाळली आणि न्हाणीघरात शिरले. कट्टा झाला तरी समोर जागा किती उरते, तेवढं बघायचं होतं. इतकंच, असं मी स्वतःला सांगत होते.

दाराची चौकट धरून मी खाली झाले, शेवटची वीतभर धपकन बसले आणि पाय लांब केले. जागा होती! जाळीपर्यंत पाय पोचत होते आणि दोन्ही बाजूंना हात फिरायलाही वाव होता. मी तांदळाचं बाळ पायांवर घेतलं. तांदूळ या कामाला बरे; बाळासारखेच हातात ढळतात. मान धरली, छातीवरून हात फिरवला, उताणं केलं, पालथं केलं. माझ्या हातांना सगळं आठवत होतं. ते कधी विसरलेच नव्हते. त्या ओल्या सिमेंटच्या वासात बसून मी त्या पिशवीशी चक्क बोलत होते.

मग उठायला गेले, आणि उठता येईना.

दोन्ही तळवे फरशीवर टेकून जोर दिला. गुडघे हललेसुद्धा नाहीत. मागे सरकून भिंतीला पाठ लावली आणि पाय जवळ घ्यायला गेले, तर अर्ध्यातच कळ आली. नळ हाताच्या वर दोन वीत. तेव्हा कुठे लक्षात आलं की या घरात आल्यापासून मी त्या बुटक्या स्टुलावरून रोज उठत होते ती टबाच्या दोन काठांवर भार देऊन. माझे गुडघे कधीच गेले होते. काठांनी ते झाकलं होतं, एवढंच. आणि तेच काठ काढायला मीच लगेच होकार दिला होता.

शेजारी कट्टा होता. मी कोपर त्यावर ठेवलं आणि अंग उचललं. क्षणभर वाटलं, जमलं. तेवढ्यात वरची वीट सरकली, तिच्यामागोमाग सगळा थर घसरला आणि धडधड करत चारसहा विटा खाली आल्या. मी पुन्हा होते तिथेच.

“काय पडलं?” आतून आवाज आला. मग चपलांची चटचट, आणि केतकी दारात उभी राहिली. एक हात पोटावर, एक चौकटीवर. तिनं विटांकडे पाहिलं. मग सिमेंटनं कोपरापर्यंत माखलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही कट्टा पाडलात?”

माझ्यापुढे दोनच उत्तरं होती. मला उठता येत नाही, म्हणून टेकले होते, हे एक. पण ते म्हटलं की संपलं. जिला स्वतःला उठता येत नाही तिच्या पायांवर कोण बाळ देणार?

“हो,” मी म्हणाले. “पाडला. मला नकोय तो.”

तिचा चेहरा उतरला.

“इतका नकोय?”

“हो.”

“मग मला तोंडानं सांगायचं होतं, आई.”

“तू सांगितलंस मला तोंडानं? मिस्त्रीच्या हातून विटा पाठवल्यास.”

“आणि सांगितलं असतं तर? ऐकलं असतंत?” तिचा आवाज फाटला. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी इतकं सरळ कधी बोलली नव्हती. उत्तराची वाट न बघता ती वळली आणि गेली. तिच्या खोलीचं दार लागलं, पण आपटलं नाही. आमच्याकडे दारं आपटत नसत.

मी बसून राहिले. दुसरं करणार काय? फरशीचा गारवा वर चढू लागला. हातावरचं सिमेंट वाळून कातडी ओढायला लागलं. बाबालाल येईल, मग काखेत हात घालून मला उचलेल, आणि मग खाली चहाच्या टपरीवर... नको. त्याआधी काहीतरी करायला हवं होतं. मी पुन्हा तळवे टेकले, पुन्हा पडले. डावा पाय मुंग्यांनी भरून आला. तांदळाची पिशवी अजून नडग्यांवरच होती. ती एका बाजूला कलली आणि हळूहळू घसरायला लागली. मी पकडायला वाकले, तोवर ती जाळीपाशी जाऊन पडली. मी हात लांब केला. पोचला नाही. पुढे सरकायला गेले. सरकता आलं नाही.

मी त्या पंच्यातल्या गाठोड्याकडे बघत राहिले. माझ्यापासून हातभर अंतरावर ते पालथं पडलं होतं.

“केतकी!” मी हाक मारली. “केतकी, इकडे ये गं! मला उठता येत नाहीये.”

ती आली. मला वाटलं होतं, घाबरेल, निनादला फोन लावेल. तिनं नुसता सुस्कारा टाकला.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“टब होता तेव्हा तुम्ही आंघोळीला गेलात की मी बाहेर उभी असायचे. रोज. टबावर हात टेकल्याचा आवाज यायचा, मग तुम्ही ‘आई गं’ म्हणायचात आणि लगेच नळ मोठा सोडायचात, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. टब काढायचं ठरलं तेव्हा मी निनादला म्हटलं, अरे, काठ गेले तर आई उठणार कशा? कट्टा त्यासाठी होता.”

मी हातावरचं वाळलेलं सिमेंट खरवडलं.

“मग मला का नाही बोललीस?”

“तुम्ही लपवत होतात, आई. तुम्ही लपवलेलं मी कसं बोलू?”

मी हात पुढे केला. “बरं, ओढ आता.”

“मी ओढायचं नाही,” ती पोटाकडे बोट दाखवत म्हणाली, “आणि तुम्हीही माझ्या हाताला धरायचं नाही. थांबा.”

तिनं स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणलं आणि माझ्या बाजूला पक्कं टेकवलं. “आम्हाला दवाखान्यातल्या वर्गात शिकवलंय. समोरून उठायचंच नाही. आधी कुशीवर वळा.”

“अगं, कुशीवर वळून कसं...”

“वळा.”

मी वळले.

“आता हातांवर आणि गुडघ्यांवर.”

गुडघा टेकताच डोळ्यांत पाणी आलं. पायातली चप्पल काढून तिनं पायानंच माझ्या गुडघ्याखाली सरकवली आणि थांबली.

“आता दोन्ही हात स्टुलावर. हं. आता बरा पाय पुढे घ्या. घाई नाही.”

पहिल्यांदा जमलं नाही. तिनं पुन्हा तेवढंच सांगितलं, त्याच आवाजात. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, त्यामुळे चांगला मास्तर मला लांबूनही ओळखू येतो. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. मूल ती करत असताना आपण गप्प राहायचं. आणि हात, तो कितीही शिवशिवला तरी, मागे ठेवायचा. ही मुलगी हे सगळं करत होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी उठले आणि धापा टाकत त्याच स्टुलावर बसले.

केतकीचं लक्ष जाळीपाशी गेलं. “ते काय आहे?”

“तांदूळ.”

“पंच्यात?”

मी मान खाली घातली. ती आधी हसली. खूप हसली, पोट धरून. मग हसता हसता चौकटीला टेकली आणि तिचे डोळे भरून आले.

“तुम्ही तांदळाला न्हाऊ घालत होता, आई? आणि मी? मला तर वर्गात प्लॅस्टिकची बाहुली दाखवली, बुडवली आणि काढली. आमच्या घरी मी एकटीच. हाताळलेलं लहान बाळच माझ्या आठवणीत नाही. आई असती तर तिनं... जाऊ दे. तुम्ही ‘मी असताना?’ म्हणालात, आणि मला वाटलं, संपलं. म्हणजे मला यात काही करायचंच नाहीये.”

“मी तर तुझे कष्ट वाचावेत म्हणून...”

“मला नाही वाचवायचे. उद्या तुम्हाला ताप आला तर मी शेजारी हाका मारत फिरू?” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना शिकवता. मला कधी विचारलंत?”

दारावर टकटक झाली आणि बाबालाल आत आला. न्हाणीघरात डोकावून त्यानं कपाळाला हात लावला.

“माझा कट्टा! कुनी पाडला?”

“मी,” मी म्हणाले. “आधाराला धरला, टिकला नाही.”

“ओला हाय म्हणून सांगून गेलतो की!”

“पुन्हा बांध. आणि भिंतीला नको, इकडे आडव्या बाजूला घे. समोर जमिनीवर एक माणूस पाय पसरून बसेल एवढी जागा सोड.”

“कोन बसनार जमिनीवर? तुमी?”

“वहिनी.”

“आनि कट्ट्यावर?”

“मी.”

त्यानं संशयानं केतकीकडे पाहिलं. “वैनी, तुमचं काय म्हणनं?”

“आई म्हणतात तेच.”

“दोघीबी एकच बोलताय?” बाबालालनं थापी उचलली. “आता मला भ्या वाटाय लागलं.”

मुलगी झाली. नाळ पडल्यावर पहिल्या न्हाणाच्या दिवशी केतकी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली आणि मी कट्ट्यावर, बादली शेजारी, तांब्या हातात. निनाद बाहेर येरझाऱ्या घालत होता.

“मी येऊ का आत?”

“नको!” आम्ही दोघी म्हणालो.

पायांवर घेतल्याबरोबर नात अशी किंचाळली की खालचा वॉचमन वर बघू लागला असेल. केतकीनं घाबरून माझ्याकडे पाहिलं.

“मानेखाली हात,” मी म्हणाले.

तिनं हात घातला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर. आता काखा.”

काखा झाल्या. पुन्हा पाहिलं. गळ्याच्या वळ्या झाल्या. पुन्हा पाहिलं. माझे हात तांब्यावर ठरत नव्हते. पोर तेलानं बुळबुळीत झाली होती. एकदा ती नडग्यांवरून बाजूला ढळली आणि मी कट्ट्यावरून अर्धी उठले. पण केतकीचा हात माझ्याआधी तिथे पोचला होता.

मुलं वाचायला शिकतात तेव्हा दर अक्षराला मान वर करून बाईंकडे बघतात. बरोबर आहे ना? बाई मान हलवतात आणि मूल पुढच्या अक्षराकडे जातं. असं महिनोन्‌महिने चालतं. मग एक दिवस ते मान वर करायचं विसरतं, कारण त्याचं सगळं लक्ष पुढच्या शब्दात असतं. हे त्याच्या गावीही नसतं. बाईंना मात्र बरोबर कळतं.

केतकीनं बाळाला पालथं केलं. मानेपासून खालपर्यंत तिचा तळवा हळूच उतरला, एकदा, दोनदा, आणि रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. मी तिच्या बघण्याची वाट पाहत होते.

तिनं मान वर केली नाही.

“आई, पाणी,” ती म्हणाली, डोळे बाळाच्या पाठीवर ठेवूनच.

मी बादलीत कोपर बुडवून पाहिलं आणि तांब्या भरला.